तिकिटं फाडणारा कॅप्टन

नौदलाच्या अकादमीतून पहिल्या क्रमांकानं बाहेर पडलेला इचिरो ओगामी हा कोवळा अधिकारी गुप्त हुकूम घेऊन टोकियोत येतो. राजधानीवर चालून येणाऱ्या अमानवी शक्तींशी लढण्यासाठी एक पलटण उभी राहिली आहे आणि तिचा कॅप्टन म्हणून त्याची नेमणूक झाली आहे. उएनोच्या बागेत चेरी ऐन बहरात आहे. त्याला न्यायला साकुरा शिंगुजी नावाची किमोनोतली मुलगी आली आहे. छाती पुढे काढून तो तिच्यामागे निघतो आणि पोहोचतो कुठे, तर गिंझातल्या एका झगमगत्या नाट्यगृहात. तिथले मॅनेजर योनेदा बाटली जवळ घेऊन बसलेले असतात. ते त्याला त्याचं काम सांगतात: प्रयोगाच्या वेळी दारात उभं राहायचं आणि आलेल्या प्रेक्षकांची तिकिटं फाडायची.

'साकुरा वॉर्स' या जपानी व्हिडिओ गेमची ही सुरुवात. मूळ नाव 'साकुरा तायसेन'. २७ सप्टेंबर १९९६ रोजी सेगा कंपनीच्या 'सॅटर्न' या यंत्रासाठी दोन सीडींवर तो बाजारात आला. कल्पना ओजी हिरोई यांची, पटकथा सातोरु अकाहोरी यांची, व्यक्तिरेखांची चित्रं कोसुके फुजिशिमा यांची आणि संगीत कोहेई तनाका यांचं. जपानात त्याचं नाव घराघरांत पोहोचलं, पुढे त्याची मालिका झाली. इंग्रजी वाचणाऱ्या जगात मात्र कितीतरी वर्षं तो जवळजवळ अज्ञातच राहिला. मालिकेतला पाचवा भाग २०१० मध्ये इंग्रजीत आला, पण पहिला भाग अधिकृतपणे इंग्रजीत आलाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये काही चाहत्यांनी स्वतःच्या हौसेनं त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं, तेव्हा कुठे इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी हा दरवाजा उघडला. वाफेवर चालणारी यंत्रं, पटावरच्या चाली आणि माणसांची गोष्ट हे तिन्ही एकत्र आणणारे खेळ मोजके आहेत. त्यातही ही तीन सूत्रं एकमेकांत इतकी घट्ट विणणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

पुन्हा तिकिटांकडे येऊ. ओगामीला वाटतं, आपली फसगत झाली. मग भोंगा वाजतो. काही वेळापूर्वी ज्या मुली त्याला लहरी, भांडखोर, नटव्या वाटल्या होत्या, त्या घसरगुंडीसारख्या भुयारांतून नाट्यगृहाच्या तळघरात उतरतात आणि लढाईचा गणवेश घालून ओळीनं उभ्या राहतात. नाटक कंपनी हीच पलटण आहे. दारूत बुडालेले मॅनेजर तिचे सरसेनापती आहेत. तळघरात वाफ सोडत 'कोबु' नावाची माणूस आत बसेल एवढी अवजड लोखंडी चिलखतं उभी आहेत. एखादा सामान्य लेखक इथे डोअरकीपरची नोकरी विसरून गेला असता. रहस्य उलगडलं, आता सोंगाची गरज काय? पण 'साकुरा वॉर्स' ते सोंग सोडत नाही. कॅप्टन झाल्यावरही ओगामी तिकिटं फाडतच राहतो. लढाई संपते, कपडे बदलतात आणि संध्याकाळच्या प्रयोगाला तो पुन्हा दारात हजर. मुली रंगमंचावर, प्रकाशात. त्यांचा कॅप्टन बाहेर, रांगेतल्या लोकांना 'या, बसा' म्हणत. या एका निर्णयामुळे अधिकार या शब्दाला वेगळंच वजन येतं. इथे हुकूम देणारा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर उभा असतो. मुलींनी त्याचं ऐकावं असं नियमात लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात त्याला तो अधिकार रोज नव्यानं मिळवावा लागतो.

तो मिळवायचा कसा, यात या खेळाची खरी कलाकुसर आहे. कुणाशी बोलता बोलता पडद्यावर दोन किंवा तीन उत्तरं झळकतात आणि त्यांच्यासोबत एक पट्टी झरझर आखडू लागते. ती संपायच्या आत उत्तर निवडायचं. तोवर अशा खेळांत उत्तराचे पर्याय आले की खेळणाऱ्याला बहुधा हवा तेवढा वेळ मिळायचा. चहा करून आलं तरी समोरचं पात्र तोंडावर तेच हसू ठेवून थांबलेलं असायचं. इथे ते थांबत नाही. पट्टी संपली की ओगामी गप्प राहतो आणि ते गप्प राहणं हेही एक उत्तर ठरतं. बहुतेक वेळा समोरची मुलगी दुखावते. पण काही प्रसंग असे आहेत की तिन्ही पर्याय वाचताना मनात 'नको, आत्ता काहीच नको' असं येतं. हात आवरून धरला, पट्टी संपू दिली, की तेच बरोबर निघतं. उत्तर दिल्यानंतर एक छोटा सूर वाजतो: प्रसन्न वाजला तर तिचा विश्वास वाढला, बेसूर वाजला तर घटला. त्या क्षणी आकडा दिसत नाही. कानाला कळतं तेवढंच.

या पट्टीचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम असं की ती खेळणाऱ्याला नटाच्या जागी उभं करते. रंगमंचावर समोरच्यानं वाक्य टाकलं की आपलं वाक्य यायलाच हवं. उशीर झाला तर प्रवेश पडतो, घाई झाली तरी पडतो. ओगामी कधीच रंगमंचावर गात-नाचत नाही, पण खेळभर तोच सर्वांत जास्त 'टायमिंग' सांभाळत असतो. हा खेळ रचणाऱ्यांनी नाट्यगृह निव्वळ सजावट म्हणून घेतलं असतं, तर संभाषणाची ही पद्धत त्यांना सुचली नसती.

मारियाचा प्रसंग पाहा. मारिया तचिबाना अर्धी रशियन आहे. उंच, अबोल, बंदूक चालवणारी. नाटकात पुरुषाची भूमिका करणारी. ओगामी लढाईत एका जिवासाठी स्वतःला धोक्यात घालतो, तेव्हा ती त्याला तोंडावर सांगते की तुम्ही कॅप्टन व्हायला लायक नाही. ऐकताना राग येतो, कारण आपण तर चांगलंच काम केलेलं असतं. मग हळूहळू कळतं की रशियातल्या क्रांतीच्या धुमश्चक्रीत तिच्या तुकडीचा म्होरक्या तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. आपल्याला जो उद्धटपणा वाटला, ती भीती होती. जिच्यावर आपला जीव आहे अशी व्यक्ती पुन्हा पुढे धावलेली तिला पाहायची नाही. लेखकानं हे सगळं एका लांबलचक भाषणात सांगून टाकलेलं नाही. रात्री नाट्यगृहात फेरी मारायला मोजका वेळ मिळतो. कुठल्या खोलीचं दार वाजवायचं, कुणाला आत्ता एकटं सोडायचं, हे आपणच ठरवतो. मारियाच्या दाराशी गेलो तर तिच्याबद्दल थोडं कळतं. न गेलो तर तेवढं अंधारातच राहतं.

बाकीच्या मुलीही अशाच उभ्या केल्या आहेत. सेंदाईहून आलेली तलवारबाज साकुरा, जी प्रामाणिक आहे पण चटकन मत्सरानं पेटते. यंत्रं बनवणाऱ्या धनाढ्य घराण्याची सुमिरे, जिच्या नाक उडवण्यामागे एकटं गेलेलं बालपण आहे. चीनमधून आलेली कोरान, जी यंत्रांवर माणसांइतकंच प्रेम करते आणि जिचे शोध हमखास स्फोट होऊन संपतात. ओकिनावाची दांडगी कराटेपटू कान्ना. आणि फ्रान्सहून आलेली, अस्वलाचं खेळणं कुशीत घेऊन फिरणारी, अंगी विलक्षण शक्ती असलेली लहानगी आयरिस.

आता वाफेकडे. पाश्चात्त्य स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणारं कल्पित जग, बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये रमतं. पितळी चक्रं, धूर, साम्राज्याची मिजास आणि कारखानदाराचा आत्मविश्वास असा तो मामला असतो. 'साकुरा वॉर्स'नं आपलं धुराडं उभारलं १९२३ च्या टोकियोत. तो जपानच्या इतिहासातला तैशो काळ, १९१२ ते १९२६ असा धावता. वाफ जपानला बाहेरून आली होती; शिंबाशी ते योकोहामा ही देशातली पहिली रेल्वे १८७२ मध्ये ब्रिटिश तंत्रज्ञांच्या मदतीनं सुरू झाली. त्याच वर्षी आगीत जळालेला गिंझा नंतर विटांनी, पाश्चात्त्य धाटणीनं बांधला गेला. पुढच्या पन्नास वर्षांत हे उसनं आधुनिकपण टोकियोनं अंगवळणी पाडलं. किमोनोवर बूट, कॅफे, नवे चित्रपट, स्त्रियांची संगीत मंडळी. ताकाराझुकाची केवळ स्त्रियांची नाट्यसंस्था १९१३ मध्ये स्थापन झाली आणि १९१४ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. तिच्यातल्या पथकांना फूल, चंद्र अशी नावं असतात. ओगामीच्या पलटणीचं नाव 'फुलांचं पथक' असावं, मारियानं पुरुषपात्रं रंगवावीत, हे सरळ तिथून आलं आहे. म्हणून इथली वाफ परकी वाटत नाही. विजेनं जिथे वाफेला बाजूला सारलं, तिथेच हा खेळ इतिहासाला वेगळं वळण देतो आणि शहरभर नळ्या व झडपा तशाच राहू देतो.

कोबु चिलखतात एक बारकावा आहे. ते नुसत्या वाफेवर हलत नाही. आत बसलेल्या माणसाची आत्मिक शक्ती लागते आणि ती फार थोड्यांकडे असते. म्हणून तर निवड झाली ती या सहा जणींची. धिप्पाड सैनिकांचा इथे उपयोगच नव्हता. तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं तरी इंजिनाचा शेवटचा भाग माणूस आहे, ही कल्पना खेळाच्या नियमांतही शिरते. ज्या मुलीचा ओगामीवर विश्वास जास्त, तिचं चिलखत लढाईत जास्त जोरानं मारतं आणि जास्त मार सोसतं. दिवसभर जे बोललो, जिच्या दारी गेलो, जिथे गप्प राहिलो, त्याचा हिशेब रणांगणावर होतो.

लढाई चौकटींच्या पटावर आलटून-पालटून चालींनी होते. जागा बदलणं, हल्ला, बचाव, शक्ती साठवणं, दुरुस्ती, मोठा वार. ओगामीकडे एक जादा चाल आहे: एखाद्या मुलीवर येणारा घाव स्वतःच्या अंगावर घेण्याची. ती मोजक्याच वेळा वापरता येते, त्यामुळे कुणाच्या आड यायचं हे ठरवावं लागतं. आणि जिच्या आड तो येतो, तिच्या मनात त्याची नोंद होते. बुद्धिबळाच्या जवळ जाणाऱ्या खेळात प्यादं वाचवण्यामागे हिशेबाखेरीज दुसरं कारण असू शकतं, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं. लढाई जिंकल्यावर सगळी पलटण रांगेत उभी राहून पडद्याकडे तोंड करते आणि जोरात आरोळी देऊन विजयाची पोझ घेते. नाटकाचा प्रयोग संपल्यावर नटमंडळी प्रेक्षकांना अभिवादन करतात, तसंच. त्या क्षणी तिकिटं फाडणाराही त्या रांगेत असतो. प्रत्येक अंक टीव्ही मालिकेसारखा बांधलेला आहे आणि शेवटी पुढच्या भागाची झलक एखादी नायिका आपल्या आवाजात सांगते.

तनाकांच्या संगीतावर वेगळा लेख व्हायला हवा. शीर्षकगीतात पितळी वाद्यांचा दणका, कूच करणाऱ्या पावलांचा ठेका आणि मुलींचा खणखणीत कोरस. जुन्या वीरगाथांच्या मालिकांतून येणारा भाबडा, निःशंक उत्साह त्यांनी कुठलीही लाज न बाळगता वापरला आहे. हेच कोहेई तनाका पुढे 'वन पीस' या अॅनिमेचे संगीतकार झाले, आणि त्यातल्या लुफीला आवाज देणाऱ्या मायुमी तनाका इथे कान्नाचा आवाज आहेत. आज 'वन पीस' पाहणाऱ्या मुलामुलींना कान्नाचं हसणं ऐकताच ओळख पटेल. गोष्ट इथेच थांबली नाही. १९९७ पासून याच आवाजांच्या अभिनेत्री प्रत्यक्ष रंगमंचावर त्याच व्यक्तिरेखा होऊन गाऊ-नाचू लागल्या आणि २००६ पर्यंत हे प्रयोग होत राहिले. पडद्यावरच्या मुली नाटकात काम करतात, त्यांना आवाज देणाऱ्या नट्या नाट्यगृहात त्या मुली होतात. चित्रातल्या नाट्यगृहाला खरी तिकीटखिडकी मिळाली.

हा खेळ खेळताना एक मात्र विसरता येत नाही आणि ते खेळाबाहेरचं आहे. १९२३. ज्याला जपानचा इतिहास थोडाही माहीत आहे, त्याला हा आकडा दिसताच १ सप्टेंबर आठवतो. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतो प्रदेशाला भूकंपाचा धक्का बसला आणि त्यापाठोपाठच्या आगीत टोकियो व योकोहामा जळाले. एक लाखाहून अधिक माणसं गेली. असाकुसातला १८९० चा बारा मजली 'रियोउनकाकु' मनोरा मोडला. मारुनोउचीतलं १९११ चं इम्पीरियल थिएटर आगीत सापडलं. 'साकुरा वॉर्स'चा टोकियो याच शहराच्या रस्त्यांवर उभा आहे, उएनो, असाकुसा, त्सुकिजी. पण त्याच्यावर येणारी संकटं राक्षसी आहेत आणि ती परतवता येतात. भूकंपाशी लढायला कोबु नव्हतं. त्या दिवसानंतर अफवा उठल्या की कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत. जमावांनी, आणि काही ठिकाणी पोलीस व लष्करानंही, हजारो कोरियनांना ठार केलं. शेकडो चिनीही मारले गेले.

आणि इथे त्या शहराचं रक्षण कोण करतं? एक चिनी मुलगी, एक ओकिनावाची, एक अर्धी रशियन, एक फ्रेंच. ज्या वर्षी खऱ्या टोकियोत परक्या उच्चारावरून माणसं ओळखून मारली गेली, त्या वर्षी खेळातल्या टोकियोत त्याच जातकुळीच्या मुली वाफेच्या चिलखतात शहरासाठी उभ्या आहेत. हे मुद्दाम केलं असेल असा दावा मी करणार नाही. खेळ त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही, आणि या सहा जणींत एकही कोरियन नाही हेही नजरेआड करता येत नाही. तरी ही निवड माझ्या दृष्टीनं खेळातली सगळ्यात हळवी गोष्ट आहे. घडायला हवा होता तसा तैशो काळ इथे रंगवला आहे, आणि रंग कुठे विरळ आहे तेही दिसतं.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पटावरच्या लढाया सोप्या आहेत. डावपेचांचा जाणकार एखादी चूक करूनही सहज निभावून जाईल. दुसरी उणीव जास्त खटकते. न्हाणीघराजवळून जाताना डोकावण्याचा पर्याय विनोद म्हणून ठेवला आहे आणि तो विनोद पुन्हा पुन्हा येतो. ज्या खेळानं विश्वासाला इतकं मोल दिलं, त्यानं विश्वासघाताला खोडसाळपणा म्हणून सोडून द्यावं हे पटत नाही. जेमतेम दहा वर्षांच्या आयरिसला प्रेमकथेच्या नायिकांच्या रांगेत बसवणं तर साफ चुकीचं आहे. काळ तसा होता म्हणून मी हे माफ करणार नाही. मारियाचे प्रसंग त्याच काळात, त्याच लेखणीतून आले आहेत.

खेळायचा असेल तर १९९६ चीच आवृत्ती घ्या. २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी तो नव्यानं बांधून काढला गेला, लढाया अधिक विस्तारल्या. पण चाहत्यांच्या भाषांतरामुळे आपल्यासाठी उघडलेली वाट मूळ सॅटर्न खेळाचीच आहे आणि मूळ रेखाचित्रांतला साधेपणाही तिथेच आहे. आवाज मोठा ठेवा, नाहीतर विश्वासाचा सूर हुकेल. आणि पहिल्यांदा खेळताना कुठलंही उत्तर कुठल्याही मार्गदर्शिकेत शोधू नका. बेसूर वाजला तर वाजू द्या. ती मुलगी रुसेल, लढाईत थोडी कमजोर पडेल, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी जायला तुमच्याकडे खरं कारण असेल.